उन्हात राहिलेल्या कॅप्सूल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बारामती-इंदापूर रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या दूध संकलन केंद्रावर मी बसतो. फॅट, दाटपणाची डिग्री, तापमान — आकडा बघितल्याशिवाय कुणाचं दूध घेत नाही. उन्हात राहिलेलं दूध मला झाकण उघडताच कळतं. "तात्या, वाटंत कुठं थांबला व्हता?" एवढंच विचारतो आणि परत पाठवतो. एकदा एकजण चिडून म्हणाला, "आबा, तुमच्या घरचं असतं तर?" घरचं असतं तरी परत पाठवलं असतं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. त्या वाक्यावर नंतर येतो.

रेश्मा आमची सून. मुलगा चाकणला कंपनीत, सुट्टीला येतो. ती इंदापूरच्या एका शाळेत शिकवायची, स्कूटीवर जायची-यायची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. त्याआधी एकदा गर्भ पडला होता, आणि या वेळीही मधेच थोडं रक्त दिसलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. गर्भ धरून ठेवायला शरीरात जे तयार होतं तेच हे. कमी पडू नये म्हणून वरून द्यायचं, असं त्यांनी समजावलं. टिकेलच अशी हमी नाही, हेही सांगितलं. पहिल्या पट्ट्या संपत आल्या तसा पुढच्या आणायला मी गेलो. दुकानदार म्हणाला, "आबा, उन्हात ठिवू नका, मऊ पडत्यात." मला सांगतो? मी मनात हसलोसुद्धा.

निघताना बायकोनं बजावलं होतं, "सरळ घरी या. कुणाचं गोठं बघत बसू नका." ती मला ओळखते. पण वाटेतल्या एका वस्तीवर गाभण कालवड विकायची होती. मी थांबलो. तिची कास पाहिली, दात पाहिले. कितवा महिना, खाते काय, आधी कधी गाभडली, गर्भ टाकला का — सगळं विचारलं. चहा झाला. गाडी उन्हात, काचा बंद, आणि औषधाची पिशवी पुढच्या काचेखाली. जनावराच्या गर्भाची एवढी चौकशी करत होतो मी — येतंय ना लक्षात?

गाडीपाशी परत आलो तर कॅप्सूल चपट्या झालेल्या. एक-दोन फुटून आतलं तेलकट पांढरं पट्टीभर पसरलेलं. बारामती फार मागे पडली नव्हती. गाडी वळवायची, दुसऱ्या पट्ट्या घ्यायच्या. का नाही वळवली? उशीर झाला असता, बायकोनं विचारलं असतं, कालवडीचं सांगावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

घरी येऊन पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवल्या. गार झाल्या, कडक झाल्या. नासलेलं दूध गार करून नीट होत नाही, हे मी रोज दुसऱ्यांना ऐकवतो.

संध्याकाळी रेश्मा पट्टी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आबा, ह्या अशाच असतात का?" एवढं विचारायला तिला किती बळ गोळा करावं लागलं असेल? ते औषध तोंडानं गिळायचं नव्हतं; घ्यायची रीतच अशी, की सासऱ्यापुढे त्याचं नाव काढायचीही चोरी. ती दुसऱ्यांदा विचारणार नाही, हे मला माहीत होतं. त्या भरवशावरच मी म्हणालो, "व्हय. दुसऱ्या कंपनीच्या हायेत."

घरचं होतं — आणि मी परत पाठवलं नाही.

तिने त्या घेतल्या. तो आठवडा संपायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकदा गर्भातच दोष असतो, कुणाची चूक नसते, औषध घेऊनही असं होतं. मी तिथंच उभा होतो. उन्हात राहिलेल्या कॅप्सूलचा गुण किती उरतो, हे विचारता आलं असतं. आयुष्यभर आकडे विचारत आलेला माणूस मी — हा एक विचारला नाही. आजही मला माहीत नाही. काहीच फरक पडला नसेल, असंही असेल. पण त्यानं माझं काही सुटत नाही. कारण पुढचं मी उन्हावर ढकलू शकत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "स्कूटीनं घात केला. रोज इंदापूर, रोज खड्डं. सांगून सांगून तोंड दुखलं माझं." रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी ऐकलं होतं. तेवढंच म्हणायचं होतं — कुणाची चूक नसते. कॅप्सूलचं नावही काढावं लागलं नसतं. पण दोष स्कूटीवर होता तोवर त्या पट्ट्यांकडे कुणी बघणार नव्हतं. मी पेपर उचलला.

तिने शाळा सोडली. स्वतःहून, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. स्कूटी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून चालू करतो. तेवढा वेळ घरात भांड्यांचा आवाज थांबतो.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. पुन्हा त्याच कॅप्सूल. परवा मी त्या बारामतीहून आणल्या — दुधाचे नमुने नेतो त्या बर्फाच्या पेटीत ठेवून, कुठंही न थांबता. पेटी उघडून रेश्मा म्हणाली, "आबा, एवढं कशाला? थंडी आहे की."

खरंच थंडी होती. माझ्या अंगात स्वेटर होता.

तिने पट्टी उजेडात धरली. एकेक कॅप्सूल बोटानं चाचपून पाहिली.

"ह्या गोल आहेत," ती म्हणाली.

मी "व्हय" म्हणालो आणि केंद्रावर निघून आलो. तिथं एकाच्या दुधाला वास येत होता. मी त्याला परत पाठवलं.