निघण्याआधी भेटायचे डॉक्टर

“दंड सैल सोड,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई टोचली. माझा धाकटा भाऊ दत्ता खिडकीकडे पाहत राहिला. डॉ. भालेकरांना मी प्रथम पाहिले ते असे, दौंडच्या त्यांच्या दवाखान्यात. खुटबावला आमच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब वाढवणारा दत्ता केनियातल्या फुलांच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता.

पिवळ्या तापाची लस पुण्याला सरकारी केंद्रावर घ्यायची, तीही बरीच आधी, हे डॉक्टरांनीच सांगितले. टायफॉईडची त्यांनी स्वतः दिली. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या तिकडे असताना घ्यायच्या आणि परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या, हे दत्ताकडून वदवून घेतले.

“तिकडं लई रोग हायेत म्हंत्यात,” आई म्हणाली.

“आहेत,” डॉक्टर म्हणाले. खोटा धीर ते कुणालाच देत नाहीत. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढे दत्ता केनियाहून सुट्टीवर घरी आला आणि त्याला थंडी वाजून ताप भरला. आईला तो प्रवासाचा शीण वाटला. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. दुपारपर्यंत तो बरळू लागला. आम्ही दौंडला पोचलो तेव्हा डॉक्टर घरी निघाले होते. ते परत फिरले. रक्तात मलेरिया निघाला, मेंदूपर्यंत जाणारा.

त्यांनी गोळ्यांचे विचारले. दत्ता डोळे मिटूनच बोलला.

“बंद केल्या. विमानात बसायच्या आधी. तोडणीआधी फवारणी थांबवतोच की आपण. घरी येताना अंगात औषध नको म्हनलं.”

आमच्या भागातल्या कुणीही असाच हिशेब केला असता. डॉक्टर रागावले नाहीत.

“चूक माझी,” ते म्हणाले. “घे म्हणालो, का घ्यायच्या ते सांगितलं नाही.”

त्याच संध्याकाळी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेताना ते रुग्णवाहिकेत दत्ताचे मनगट धरून बसले. वाचेल ना, असे मी विचारले. माहीत नाही, असे ते म्हणाले.

तेव्हापासून ते परदेशी निघालेल्या प्रत्येकाला गोळ्यांचे कारण समजावतात: जंतू यकृतात दडून असतात, घरी आल्यावर बाहेर पडतात. शिरूर-दौंडची कितीतरी मुले आता परदेशी जातात. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या डॉक्टरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे म्हणताना मला भीतीही वाटते. ते नसतील तर या मुलांना कोण विचारील?

पुण्याच्या रुग्णालयातल्या त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, दत्ताचा ताप उतरला नव्हता. पण त्याने मला ‘दादा’ अशी हाक मारली आणि पाणी मागितले. डॉक्टर पहिल्या गाडीने दौंडला परत गेले.