पूर्ण पाठिंब्याची शाखा

जन्मभर पिठाच्या गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. एकीकडे पट्ट्याची फटफट, दुसरीकडे जात्याची घरघर, आणि त्यातून गिऱ्हाइकाला विचारायचं, "जाड की बारीक?" या एका प्रश्नावर भोंगाभाऊंचा आवाज पोसला गेला. हे नाव अर्थातच पक्षाच्या शाखेतल्या मंडळींनी ठेवलेलं. घरात बायकोच्या कानाशी त्यांनी लाडानं काही सांगितलं की शेजारची खिडकी बंद व्हायची.

पक्षाला असा गळा मिळाल्यावर आणखी काय हवं? मोर्चा असो, सभा असो, प्रचाराची गाडी असो, पुढे भोंगाभाऊ. त्यांनी "आपला पक्ष" म्हणायचं, मागच्यांनी "विजयी होवो" म्हणायचं. शाखेतल्या शिंप्याच्या तर हे इतकं अंगात भिनलं होतं, की "आपला शर्ट झाला का?" असं कुणी विचारलं तरी तो "विजयी होवो" म्हणून मोकळा व्हायचा.

आणि अशा या शाखेकडे वरून मसुदा आला. पक्षाचं आरोग्य धोरण ठरायचं होतं, आणि या वेळी साध्या सभासदांनीही त्यात भर घालायची होती. प्रत्येक शाखेनं एक सूचना पाठवायची आणि निमंत्रकानं ती अधिवेशनात मांडायची. निमंत्रक कोण? ज्यांच्या हाकेला सगळे ओ देतात ते.

भोंगाभाऊंना आनंदानं जेवण जाईना. "आजवर दुसऱ्यांनी लिहिलेलं ओरडलो," ते बायकोला म्हणाले, "आता आपण लिहायचं."

"आधी हळू बोला," बायको म्हणाली. "नाहीतर शेजारचेच पाठवतील तुमची सूचना."

गिरणी बंद झाल्यावर मंडळी पोत्यांवर बसली. भोंगाभाऊंनी मसुदा वाचायला घेतला. "सर्वांना स्वस्त औषधं मिळावीत. काय वाटतं?"

"मिळालीच पाहिजेत."

"रुग्णालयाभोवती शांतता राखली जावी."

"राखलीच पाहिजे!" हे अशा जोरात आलं, की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

"सूचना?"

"पूर्ण पाठिंबा." आणि मंडळी समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जिल्हा चिटणिसांचा फोन. "भाऊ, पाठिंबा आमच्याकडे गोदाम भरून पडलाय. रविवारपर्यंत सूचना आली नाही, तर अधिवेशनातली तुमची जागा शेजारच्या शाखेला देतो."

शेजारच्या शाखेला! भोंगाभाऊंनी गिरणी बायकोवर सोपवली आणि ते घरोघर फिरले. "मोकळेपणानं बोला," असं ते ज्या आवाजात सांगत, तो ऐकून माणूस होता तेवढा मोकळेपणाही विसरायचा. शनिवारी सकाळी उठले, तर घसा पार बसलेला.

शाखेतली एक सभासद सरकारी रुग्णालयात नर्स होती. तिनं टॉर्च मारून घशात पाहिलं. "आठवडाभर एक शब्दही नाही."

भोंगाभाऊंनी हातवारे करून संध्याकाळची बैठक समजावली.

"खुणासुद्धा जरा हळू करा," ती म्हणाली.

संध्याकाळी गळ्याला मफलर गुंडाळून ते पोत्यावर बसले. मसुदा शिंप्याच्या हातात. शिंप्यानं बारीक आवाजात वाचलं, "रुग्णालयाभोवती शांतता राखली जावी," आणि सवयीनं सगळ्यांनी भोंगाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. नर्सबाईंनी डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं.

कशाला ओ द्यायची, तेच कुणाला कळेना. गिरणीत कधी नव्हे ती शांतता पसरली. कुणीतरी खाकरलं.

"पण राखायची कुणी?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुणी म्हणजे? लोकांनी," वीजमीटर वाचणारा एक सभासद म्हणाला.

"लोक राखतात हो. गेल्या निवडणुकीत माझ्या वॉर्डातल्या बाळंतिणीचा डोळा लागला की खिडकीखालून गाडी जायची. कुणाची, ते सांगू का?"

कुणालाच गरज वाटली नाही.

"माझे वडील ऑपरेशन होऊन तिथंच होते," मीटरवाला हळूच म्हणाला. "पक्षाचं नाव घेऊन शिव्या देत होते. मी म्हटलं, बाबा, ही दुसऱ्या पक्षाची गाडी."

"हा आवाज? दुसऱ्या पक्षाचा?" शिंपी म्हणाला, आणि सगळे असे हसले की पोत्यांतून पीठ उडालं.

मग काय, बांधच फुटला. एक बोलतोय तोवर दुसरा, दुसऱ्याला तोडत तिसरा. भोंगाभाऊंना वाटलं, उठून नाचावं. इतक्या वर्षांत ही माणसं त्यांच्या मागून ओरडली होती, पण बोलत होती ती आज. शेवटी शिंप्यानं सूचना जुळवली: रुग्णालयासमोरच्या रस्त्यावर आपल्या प्रचाराच्या गाडीचा लाउडस्पीकर बंद राहील, आधी आपण, मग कायदा.

वाचून झालं आणि सगळ्यांना एकदम आठवलं, की गाडीवर कोण असतं.

"भाऊ," नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवायची."

रुग्णालयाचा तो रस्ता म्हणजे भोंगाभाऊंचा जीव की प्राण. दोन्हीकडे उंच भिंती, मधे घुमणारा आवाज. ठेवणीतली घोषणा ते तिथंच काढायचे. त्यांनी मफलर सारखा केला, उठले, दळणाचे दर लिहायच्या फळ्याजवळ गेले आणि खडू उचलला.

फळ्यावर अक्षरं उमटली: "मागची गल्लीसुद्धा. तिथं जास्त घुमतो."

नर्सबाईंनी टाळी वाजवायला सुरुवात केली, आणि मग टाळ्या थांबेचनात.

अधिवेशनापर्यंत घसा सुटला. भोंगाभाऊ व्यासपीठावर आले तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "यांना माइक लागत नाही." भोंगाभाऊंनी माइक खरंच बाजूला सारला आणि सूचना हलक्या आवाजात वाचायला घेतली. पुढच्या रांगा वाकल्या, मागच्या उठून पुढे आल्या. कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं."

"नाही," भोंगाभाऊ म्हणाले. "पेशंट झोपलाय."

मग एक हात वर गेला, मग दहा, आणि बघता बघता सगळं सभागृहच.

त्या संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

सगळ्या वाटेनं त्यांनी ठरवलं होतं, की हे तिला अगदी कानात सांगायचं. ते वाकले.

"मंजूर झालं!"

शेजारची खिडकी बंद झाली.