बिनतिकिटाचे श्रोते

मास्तर माइकसमोर बसले की आधी बोटातली अंगठी टेबलावर दोनदा आपटायचे. टक्, टक्. ही त्यांची डबल बेल. ती झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग घसा खाकरून म्हणायचे, "चला, समोर सरका. मांगून लोकं चढून राह्यलेत."

आता तुम्ही म्हणाल, रेडिओवर समोर सरकायचे म्हणजे नेमके कुठे? पहिल्या दिवशी मीही त्यांना हेच विचारले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकनाऱ्याले समजते."

ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि हा मान त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नव्हता. गोंदिया ते दवनीवाडा, गोंदिया ते गोरेगाव, मध्ये काही वर्षे नवेगाव बांध, अशा गाड्यांवर त्यांचा जन्म गेला. आमचे सामुदायिक रेडिओ केंद्र गोरेगावला. एका जुन्या गोदामामागच्या दोन खोल्या आणि वर एक मनोरा. मी तिथला केंद्रप्रमुख. या पदात कार्यक्रम आखण्यापासून सकाळी झाडू मारण्यापर्यंत सगळे येते. आमचा आवाज आजूबाजूच्या गावांपर्यंत जातो आणि पुढे धानाच्या बांध्यांमध्ये कुठेतरी विरून जातो. नवेगाव बांधपर्यंत तो पोचत नाही, हे मास्तरांना शेवटपर्यंत मान्य नव्हते. "तितं थांबा आहे," ते म्हणायचे. थांबा आहे म्हणजे गाडी जाणारच.

सकाळचा कार्यक्रम त्यांचा होता. नाव त्यांनीच ठेवले, 'पहिली गाडी'. कुणाची म्हैस हरवली, कुठे लाईन गेली, कुणाच्या बोअरला पाणी लागले, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कुठल्या गावची दंडार खेळ करायला येणार, अशा बातम्या ते सांगत. पण त्या महत्त्वाच्या क्रमाने नव्हे, रस्त्याच्या क्रमाने. गाडी जशी जाईल तशी. एकेक गाव घ्यायचे, तिथली बातमी द्यायची आणि पुढे निघायचे. एखाद्या गावात काहीच घडले नसेल तर म्हणायचे, "मोहाडी. इतं उतरनारं कोनी नाही. चला." हे ऐकून त्या गावाला एवढा अपमान वाटे की दुसऱ्या दिवशी तिथून हमखास बातमी येई. कुणी शेळीला तीन पिल्ले झाल्याचे कळवी, तर कुणी नुसतेच सांगे की सासू बरी आहे. आपल्या गावात गाडी थांबावी एवढाच त्यांचा हेतू.

स्वभावाने मास्तर गोड होते असे मी म्हणणार नाही. आवाज खर्जातला, त्याचा त्यांना गर्व. चहा थंड असला तर कप परत पाठवीत. मनुष्यजातीचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, तिकीट काढणारे आणि न काढणारे. दुसरा प्रकार फार मोठा आहे याबद्दल त्यांची खात्री होती. रेडिओच्या कामाचा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही, पण उशिरा येणाऱ्या पाहुण्याला मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर उभे ठेवीत. एकदा कृषी विभागातले एक साहेब असेच बाहेर उभे राहिले. आत मास्तर सांगत होते, "साहेबांची गाडी चुकली. उद्या या."

अशात आमचा ट्रान्समीटर म्हातारा झाला. उन्हाळ्यात तो तापायचा आणि पावसाळ्यात खोकायचा. ज्या संस्थेचे हे केंद्र, तिने बैठक घेतली, चिवडा खाल्ला आणि ठराव केला: मंडईच्या दिवसांपर्यंत लोकांमधून पैसा उभा राहिला तर नवा ट्रान्समीटर घ्यावा, नाहीतर केंद्राला कुलूप लावावे. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे कुलूप लावायला एकमत लवकर होते.

मी शिकलेला माणूस. मी पोस्टर छापले, त्यावर मोबाइलवरून पैसे पाठवायचा चौकोन छापला, आणि 'लोकसहभागातून लोकरेडिओ' या विषयावर सभा घेतली. सभेला बरीच माणसे आली. त्यांनी चहा घेतला, रेडिओची गरज पटवून देणारी भाषणे केली, एका वक्त्याच्या तर डोळ्यांत पाणी आले. मग सगळे घरी गेले. पोस्टरवरचा चौकोन गावच्या पोरांनी डोळे-मिशा काढून सजवला.

मास्तर हे सगळे कोपऱ्यात बसून पाहत होते. म्हणाले, "तू वर्गणी मांगून राह्यला. वर्गणी गनपतीले देतेत, रेडिओले कायले देतीन? गाडीत बसला त तिकीट काढा लागते. एवढंच सांग ना त्याहिले."

दुसऱ्या सकाळी डबल बेल झाली आणि मास्तर गरजले, "काही लोकं फुकट प्रवास करून राह्यलेत. मले सबन माहीत आहे कोन कोन. आजपासून चेकिंग चालू."

आठवडी बाजाराच्या दिवशी ते खरोखरच जुना खाकी शर्ट घालून, खांद्याला चामडी बॅग लावून बाजारात उभे राहिले. शर्टाची बटणे पोटावर लागत नव्हती. पण नजर तीच होती. आणि पकडण्याची त्यांची युक्ती, खरे सांगतो, मला आयुष्यात सुचली नसती. त्या सकाळी कार्यक्रमात त्यांनी मुद्दाम दोन गावांचा क्रम उलटा घेतला होता. बाजारात पहिला माणूस तावातावाने आला, "मास्तर, तुमी हिरडामालीच्या आधी आमचं गाव काऊन घेतलं?"

"आयकते म्हनजे तू!" मास्तरांनी त्याचे मनगट धरले. "काढ तिकीट."

त्या दिवशी बरेच मासे जाळ्यात सापडले. मास्तर खूश, मी थक्क. पण पुढच्या बाजारापर्यंत तालुका शहाणा झाला. कुणीच रेडिओ ऐकत नव्हते. चहावाला मास्तर दिसताच सेट बंद करून कपबशांमागे सरकवी. भाजीवाली बाई शपथेवर सांगे, "आमच्या घरी रेडिओच नाही जी," आणि लगेच विचारी, "ते म्हैस भेटली का पन?" मास्तर बॅगेत हात घालीपर्यंत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असे. क्रम चुकवून पाहिला, गावाचे नाव चुकवून पाहिले. सगळे ओठ घट्ट मिटून टोमॅटो निवडत. अख्खा मुलूख बहिरा झाला होता.

यात विनोद होता तोवर ठीक. पण नेमका त्याच वेळी गोंदियाचे एक शेठ आमच्याकडे यायचे होते. त्यांची तांदळाची गिरणी होती, तांदळाला नवे नाव दिले होते आणि ते नाव गावोगावी पोचवायचे होते. ट्रान्समीटरचा सगळा खर्च द्यायला ते तयार होते. एकच गोष्ट त्यांना पाहायची होती, की लोक ऐकतात का. गृहस्थ सरळ होते. मला न सांगता आधी बाजारात गेले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. स्वच्छ कपड्यांतला अनोळखी माणूस, वर हातात पेन. लोकांना वाटले, मास्तरांनी वरून चेकिंगचे पथक मागवले.

"रेडिओ? कोनता रेडिओ?"

"आमच्याकडे लागतच नाही जी."

"मी त बाहेरगावचा आहो." हे म्हणणारा गोरेगावात जन्मलेला न्हावी होता.

शेठ संध्याकाळी केंद्रात आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "भाईसाब, आपका काम बहुत अच्छा है, लेकिन यहाँ तो कोई सुनताच नाही." मी बाजू मांडायला लागलो. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर बिनतिकिटाचे पकडत आलेल्या माणसाला, आपली गाडीच रिकामी आहे असे तोंडावर सांगितले गेले होते. मला त्यांची फार कीव आली आणि तेवढाच रागही आला. बंद पडणार होता तो रेडिओ, आणि तो त्यांच्यामुळे.

शेठ उठायला लागले तसे मास्तर त्यांना म्हणाले, "सकाळी एक चक्कर मारा जी. पयल्या गाडीले."

शेठ भिडेखातर मुक्कामाला थांबले आणि सकाळी स्टुडिओत येऊन बसले. मास्तरांनी अंगठी आपटली. गाडी निघाली. एक गाव, दुसरे गाव, तिसरे. मग चोपा यायला हवे होते. मास्तरांनी चोपा घेतलेच नाही. 'उतरनारं कोनी नाही' एवढेही नाही. गाडी भरधाव पुढच्या गावात. मला वाटले विसरले. मी खूण केली तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवले.

पहिला फोन लगेच आला. मग दुसरा. मग फोन खाली ठेवताच येईना. कार्यक्रम संपायच्या आत बाहेर मोटारसायकली थांबल्या. चोप्याची माणसे, कुणी दातात दातून घेऊन, कुणी लुंगीवर, दारात उभी राहून ओरडत होती, "आमच्या गावात गाडी काऊन नाही थांबली? आमी मेलो का?" त्यांच्या मागे भाजीवाली बाईही होती. तिचे माहेर चोप्याचे होते.

शेठ हसत सुटले. "सुनते तो हैं!" ते म्हणाले. मास्तर दारात गेले, सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "झालं. आज तिकीट नाही. घरी जा." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

शेठनी पैसे दिले. पण व्यापारी माणूस, दारातला आरडाओरडा त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता. त्यांच्या तांदळाचे नाव सकाळच्या कार्यक्रमाला लागणार, आणि त्या कार्यक्रमात श्रोत्यांवर ओरडणारा म्हातारा त्यांना नको होता. गोड आवाजाची कुणी मुलगी बघा, म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडले. तसे सांगायचेच मी ठरवले होते. मास्तरांनी माझा खांदा दाबला.

"गाडी चालली पाह्यजे," ते म्हणाले. "ड्यूटी बदलतच राहते."

असा हा न्याय. ज्याने रेडिओ बुडवत आणला त्यानेच तो वाचवला, आणि वाचवल्याबद्दल त्याला खाली उतरवण्यात आले. नव्या ट्रान्समीटरला हार घातला त्या दिवशी सगळ्यांची भाषणे झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले. मास्तर आले नव्हते, आणि त्यांचे नाव घ्यायचे राहून गेले.

पुढे बायकोच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी ते दोघे रायपूरला मुलाकडे राहायला गेले. तिथे आमचा आवाज पोचण्याचा प्रश्नच नव्हता. नवी मुलगी 'नमस्कार मित्रांनो' म्हणून गोड सुरुवात करायची. काम चांगले करायची, मी तिला दोष देणार नाही. एका सकाळी कार्यक्रम सुरू असताना माझा फोन वाजला.

"बोलू नोको," पलीकडून मास्तर म्हणाले. "फोन स्पीकरजवळ ठेव."

मी ठेवला. मग तो रोजचाच रिवाज झाला. फोन यायचा, मी काही न बोलता तो स्पीकरसमोर पालथा ठेवायचो, आणि कार्यक्रम संपला की उचलायचो. मास्तर एकच वाक्य बोलायचे. "तीन गावं सोडली पोट्टीनं." किंवा, "म्हशीचा रंग नाही सांगितला, कोन ओळखीन?" ती वाक्ये मी त्या मुलीला सांगत गेलो. आधी ती चिडली. मग हळूहळू, शेठच्या तांदळाची जाहिरात झाली की ती गावे रस्त्याच्या क्रमाने घेऊ लागली. शेठना त्यातले काही कळले नाही. मास्तरांना कळले. त्या दिवशी कार्यक्रमानंतर मी फोन उचलला तर त्यांनी एकही चूक न काढता फोन ठेवला.

यंदा थंडीत मध्ये काही दिवस फोन आला नाही. मग एका सकाळी पुन्हा वाजला. मी नेहमीसारखा काही न बोलता तो स्पीकरसमोर ठेवला. मुलगी निम्म्या रस्त्यावर आली असेल, तोच पालथ्या फोनमधून कुणीतरी बारीक आवाजात हाक मारू लागले. "भाऊ... ओ भाऊ." मी उचलला. मास्तरांच्या बायकोचा आवाज होता.

"ते गेले जी मांगच्या हप्त्यात," त्या म्हणाल्या. "तुमाले कळवाचं राह्यलं."

मी म्हणालो, "काकू, फोन बंद करतो. दुपारी निवांत बोलू."

"बंद करू नोको बाबू," त्या घाईने म्हणाल्या. "मी रोज दाराच्या मांगं बसून आयकत जाओ, त्याहिले कधी सांगितलं नाही. आज मीच लावला. माझं माहेर यायचं आहे आनखी."

मी फोन परत स्पीकरजवळ ठेवला, आणि आत काचेपलीकडे मुलीला हाताने खूण केली की जरा सावकाश.