अक्काचं सोलापूर कुठवर होतं

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारच्या पाळीला बोर्डावर होते. मिरजेहून अर्जंट ट्रंक कॉल आला. तिकडच्या बाईने नंबर सांगितला तो आमच्याच एक्स्चेंजचा, आणि नाव माझं. हेडफोन कानाला होताच. पलीकडून बसवराजचा, अक्काच्या धाकट्या भावाचा आवाज आला. "कमलताई, अक्का गेली. सकाळी." मी "बरं" म्हणाले. तोही गप्प, मीही गप्प... वेळ संपली तशी मिरजेच्या बाईने रीतीप्रमाणे विचारलं, "अजून बोलायचंय?" मीही रीतीप्रमाणेच तिला सांगितलं, "नाही, झालं बोलून." मग पुढच्या कॉलची पिन लावली. सुपरवायझरबाईंनी येऊन माझा हात धरला तेव्हा मला कळलं, की मी रडतेय.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. भूगोलाच्या प्राध्यापिका डॉ. सुशीला हत्तुरे यांचं अल्प आजाराने निधन. कॉलेजात त्या हत्तुरेबाई होत्या. दुधनीच्या लोकांसाठी त्या आडत दुकानातल्या हत्तुऱ्यांची शिकलेली मुलगी. माझ्यासाठी ती अक्का. आम्ही एका घरात सात-आठ वर्षं राहिलो, पण तिच्या विद्वत्तेबद्दल मी लिहावं हे काही खरं नाही. ते तिचे विद्यार्थी लिहितील. मी मॅट्रिक झालेली, टेलिफोन खात्यातली बाई. मला आठवते ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून ट्रेसिंग कागद उजेडाला धरणारी अक्का.

मी मूळची मोडनिंबची. खात्यात लागले तेव्हा सोलापुरात माझं कुणी नव्हतं. साखर पेठेत एका विणकर कुटुंबाच्या माडीवर दोन खोल्या होत्या, तिथे एक प्राध्यापिका राहतात आणि त्यांना जोडीला कुणी बाई हवी आहे, असं कळलं. गेले. घरमालकीण तेलुगूत काहीतरी म्हणाली. अक्काने मला मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, खालच्या मागांची खटखट सहन होईल ना?" मी होईल म्हटलं. मग तिने स्वतःचा प्रश्न काढला. "तुमच्या मोडनिंबचे लोक लग्नाचा बस्ता कुठं बांधतात?" मी घाबरले. म्हटलं, ही बाई माझ्या लग्नाची चौकशी करतेय की काय. "सोलापुरात," मी म्हणाले, "थोडे बार्शीलाही जातात." "थोडे कोण? आणि का?" मी बोटांवर माणसं मोजायला लागले. ती म्हणाली, "येत्या सुट्टीला आपण जाऊन विचारू." खोली मिळाली हे मला त्यावरून कळलं.

खरंच आम्ही गेलो. मोडनिंबच्या आठवडी बाजारात ही उंच, चष्मेवाली बाई साडीचा पदर खोचून भाजीवालीपासून बैलांच्या दलालापर्यंत सगळ्यांना विचारत फिरली. कुठल्या गावचे? इथे काय घ्यायला येता? जे इथे मिळत नाही ते कुठे मिळतं? माझी आई आमच्या मागे मागे. शेवटी तिने मला बाजूला घेतलं. "हिला लई प्रश्न पडत्यात की गं. कॉलेजात मास्तरीण हाय का कोर्टात वकील?" संध्याकाळी जेवताना अक्काने आईलाच विचारायला घेतलं, की आजारी माणूस कुठे नेता, सिनेमा कुठे बघता, सोनं कुठे घडवता. आई म्हणाली, "दुखणं लई झालं तर सोलापूर. सोनं बार्शीला, आमचा सोनार तितला हाय म्हून. आन् सिनेमा कशाला बघायचा? तुमी आलायसा की." अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिचा विषय मला हळूहळू कळत गेला. सोलापूर जकात नाक्यापाशी संपतं असं मी एकदा म्हणाले, तेव्हा तिने मला अंगणात नेलं आणि खडूने नकाशा काढला. दूध जिथून येतं तिथवर एक रेघ. ती जवळून गेली. मिलमध्ये कामाला माणसं जिथून येतात ती दुसरी, जरा लांबून. चादर विकत घ्यायला, ऑपरेशनला, कॉलेजला जिथून माणसं येतात ती त्याहून लांब. "यातली कुठली रेघ सोलापूर?" तिने विचारलं. मला उत्तर आलं नाही. "मलाही येत नाही," ती म्हणाली, "त्यावरच प्रबंध लिहितेय." घरमालकिणीच्या सुनेने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघांवरच सडा घातला आणि आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून बघत राहिलो.

अडचण दुधनीपाशी आली. दुधनी अक्काचं गाव, अक्कलकोटच्या पुढे, राज्याच्या सीमेला लागून. घरात कन्नड, शाळा मराठी. तिथल्या बाजाराला निम्मी माणसं सीमेपलीकडून येतात. बांगड्यांचं दुकान मांडणाऱ्या एका मुस्लिम बाईने आम्हाला सांगितलं होतं, "हमे सब बाजारां फिरते बाई. दुधनी में उधर की औरतां आये तोच धंदा होता." तीच माणसं पुढे गाडीने सोलापूरला येतात, दवाखान्यात पडतात, चादरी नेतात. अक्काच्या रेघा साहजिकच सीमा ओलांडून गेल्या. तिचे मार्गदर्शक मोठे नावाजलेले गृहस्थ होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि सांगितलं, "पलीकडचा भाग गाळा. तिकडची आकडेवारी वेगळ्या सरकारची, ती जुळणार नाही. जिल्ह्यापुरतं लिहा, वर्षभरात पदवी हातात देतो."

ती परत आली तेव्हा मी पिठलं-भात केला होता. तिने हात धुतले, ताटावर बसली आणि म्हणाली, "कमल, माझ्या आईचं माहेर पलीकडे आहे. लहानपणी आम्ही बैलगाडीने जायचो. मध्ये काही लागायचं नाही, एक ओढा तेवढा." मग भात कालवत राहिली. मी म्हटलं, "अक्का, सर म्हणतात तसं करून टाक ना. पदवी मिळाली की पुढचं पुढे." व्यवहाराचं तेच होतं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि पदवी असलेल्यालाच ती मिळणार, हे कॉलेजातल्या शिपायालाही माहीत होतं. अक्का म्हणाली, "गाळलं तर दुधनी नकाशाच्या कडेला एक मरतुकडं गाव दिसेल. लोक म्हणतील, इथे बाजार भरतो तरी कशाला? मी तिथली आहे. मला ते चुकीचं आहे हे माहीत असून मी काढू?"

तिने गाळलं नाही. सरांनी कागद परत पाठवले. प्रमुखाची जागा तिच्याहून वयाने लहान असलेल्या एका गृहस्थांना मिळाली, आणि ते भले होते हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, ही खुर्ची तुमची होती." अक्का म्हणाली, "खुर्ची राहू दे. मला मे महिन्यात परीक्षांच्या कामातून रजा लागेल, तेवढी द्या." तेवढी त्यांनी दरवर्षी दिली. त्या रात्री मात्र ती जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी बाम लावत बसले. डोकं दुखत नव्हतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढची दोन-तीन वर्षं अक्काच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि माझ्या साठवलेल्या रजा सीमेपलीकडच्या खेड्यांत गेल्या. मध्ये दुष्काळ होता. रानात हिरवं पान नाही, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं, आणि आम्ही दोघी डोक्यावर ओला टॉवेल टाकून एसटीतून उतरून चालतोय. कुणी विचारलं तर अक्का कन्नडमध्ये समजावून सांगायची. मला कळायचं नाही, पण तिचा आवाज वेगळा व्हायचा. मराठी बोलताना ती प्राध्यापिका असायची. कन्नडमध्ये ती कुणाची तरी मुलगी व्हायची. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि उलट तिलाच काहीतरी विचारलं. अक्काने आईच्या वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारा उठला, आपल्या घरी घेऊन गेला आणि सुनेला हाक मारली. आम्हाला लोट्यातून पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी म्हणजे काय होतं हे ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. अक्का अर्धंच प्यायली, उरलेलं परत दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हे नकाशात कुठं घालू?" मी म्हटलं, "नको घालूस." "नाहीच घालता येत," ती म्हणाली आणि चालायला लागली.

शेवटी एका दुसऱ्या विद्यापीठातल्या वृद्ध प्राध्यापकांनी तिचं काम पाहिलं आणि स्वतःहून मार्गदर्शन करायचं कबूल केलं. प्रबंध गेला. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तिच्या मोठ्या नकाशावरच्या एका वर्तुळावर बोट ठेवलं. "दुधनी एवढी मोठी?" अक्काने बाजाराला येणाऱ्या गावांचा हिशेब सांगितला, त्यांना पटला. पदवी मिळाली. घरी आल्यावर मी विचारलं, "खरंच एवढी मोठी आहे दुधनी?" ती म्हणाली, "मोजूनच काढलंय गं. पण पेनात शाई जरा जास्त होती." मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. घरमालकिणीने आम्हाला खाली जेवायला बोलावलं, आणि मागावरची माणसंही हात पुसत येऊन बाईंना बघून गेली.

पदवीनंतर तिला जेमतेम एक वर्ष मिळालं. पोटात दुखायचं, ती सांगायची नाही. सांगितलं तेव्हा बसवराज तिला मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. स्टेशनवर मी डब्याच्या खिडकीशी उभी होते. ती म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात तुझं मोडनिंब नीट करू. बार्शीचं कोडं अजून सुटलं नाही." मी हो म्हटलं. गाडी हलली तसा तिने चष्मा काढला आणि पुसत राहिली. ती दिसेनाशी होईपर्यंत तिने तो पुन्हा घातला नाही...

त्या ट्रंक कॉलला आता महिना-दीड महिना होऊन गेला. खालचे माग तसेच चालू आहेत. कामावरून आले की मी चहा दोघींचा टाकते, आणि मग दोन्ही कप मीच पिते. बाजाराच्या पिशवीवर गावाचं नाव दिसलं की घरी जाऊन सांगायचं म्हणून लक्षात ठेवते. कुणाला सांगायचं ते जिना चढताना आठवतं.

मागच्या रविवारी मी दुधनीला गेले. अक्काशिवाय पहिल्यांदाच. तिच्या आईला मराठी येत नाही, मला कन्नडचे चार शब्द येतात. बसवराज दुकानात होता. आईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीशी असलेल्या पाटावर बसवून पुढ्यात ताट मांडलं. घराला नुकताच चुना दिला होता. चारी भिंती पांढऱ्याशुभ्र, पण पाटाच्या वर हाताएवढा तुकडा तसाच सोडलेला. तिथे तेलाचा डाग होता, डोकं टेकून टेकून पडलेला. मी मागे टेकून बसले तर तो माझ्या डोक्याच्या बराच वर राहिला. अक्का उंच होती. आईने ते पाहिलं. चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली.

तेवढ्यात शेजारची बाई ताक घेऊन आली. मला बघून दारातच थांबली आणि आईला विचारलं, "इकी यार?" ही कोण, एवढं मला कळलं. मी मान खाली घातली. गेली सात-आठ वर्षं लोक हेच विचारत आले होते. घरमालकीण, एक्स्चेंजमधल्या बाया, मोडनिंबचे पाहुणे... मी कुणाला बहीण सांगायचे, कुणाला मैत्रीण, कुणाला भाडेकरू.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "नम्म हुडुगी," ती म्हणाली. आमची मुलगी. मग ती भाकरी माझ्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.