काय करता आपण? : उल्हासनगर ते बारवी, दोन दिवस

अत्यंत जड अंतःकरणाने कळवावं लागतं की माझ्या इअरफोनचा डावा कान इगतपुरीच्या आसपास तुटून मांडीवर पडला. उजवा शाबूत होता, पण उजवीकडे एसटीची खिडकी होती. माणूस डावीकडे बसला होता. प्रवासात लोक इअरफोनमधून काहीतरी ऐकतात असा एक गैरसमज आहे. मी गेली कित्येक वर्षं त्यात काहीही लावत नाही. ते चिलखत आहे. ते गळून पडलं आणि कसारा घाट उतरायच्या आत प्रश्न आला, "मग, काय करता आपण?"

खरं उत्तर असं : औषधाच्या खोक्यात किंवा मिक्सरच्या डब्यात घडी घातलेला जो कागद असतो, जो तुम्ही न उघडता टाकता, तो मी मराठीत लिहायचो. त्यावर घर चाललं. मग हे काम कॉम्प्युटर करायला लागला आणि मी त्याच्या चुका काढायला लागलो. दिवाळीपासून चुकाही कोणाला नको आहेत. पण हे घाटात सांगायचं नसतं. "कंपनीत आहे," म्हणालो. शेजाऱ्याचं समाधान झालं आणि तो झोपला. म्हणजे त्याला तरी कुठे ऐकायचं होतं!

सहलीचं निमित्त सांगतो. माझी धाकटी बहीण सुनंदा बदलापूरला राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी अश्विनी लग्नाची आहे. मागचं स्थळ "मुलीच्या मागे कमावता पुरुष कोण?" एवढ्याच मुद्द्यावर फिरलं होतं. या वेळी मुलगा अश्विनीने स्वतः पसंत केलेला. पतपेढीत नोकरी, घर बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात. रविवारी त्यांचं घर बघायचं आणि जमलं तर तिथेच सुपारी फोडायची. कमावता पुरुष म्हणून नाशिकहून मला बोलावणं होतं.

"आणि दादा," सुनंदा फोनवर म्हणाली, "येताना उल्हासनगरला उतर. त्यांच्या माणसांसाठी टॉवेल-टोप्या घे. तिथे स्वस्त पडतं."

तर वाचकहो, उल्हासनगर. कल्याण स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा मिळते. मधल्या जागेवर बसू नका, दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात. कॅम्प दोनच्या बाजारात आधी दाल-पकवान खा. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी. पन्नासेक रुपयांत दुपारपर्यंतची सोय होते आणि तोंड भरलेलं असल्यामुळे बोलावंही लागत नाही. टॉवेलच्या दुकानात मात्र सुटका नव्हती. गादीवर बसलेल्या सिंधी शेठने एका हाताने टॉवेल उलगडत विचारलं, "साईं, आपका क्या है? सर्विस या धंधा?"

"लिखने का काम है."

"अच्छा अच्छा. होलसेल या रिटेल?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "रिटेल."

शेठच्या चेहऱ्यावर खराखुरा कळवळा उमटला. "उसमें मार्जिन नहीं है, साईं. बेटे को मत डालना." आणि न मागता एक टोपी फुकट दिली. इतकी नेमकी समीक्षा माझ्या लेखनाची आजवर झालेली नाही.

तिथून अंबरनाथ. जुनं शिवमंदिर जरूर बघा. दगडावर नजर ठरत नाही असं कोरीवकाम आहे, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि खाली गेलं की बाहेरचे भोंगे एकदम गप्प होतात. मला वर यायचीच इच्छा नव्हती. वर आलो तर बाकावर एक निवृत्त गृहस्थ बुवापाड्याहून फिरायला आलेले. सरकून जागा दिली आणि जागेचं भाडं वसूल केलं.

"कुठल्या कंपनीत?"

अंबरनाथमध्ये "काय करता" असं विचारत नाहीत. माणूस कंपनीतच असणार, एवढं धरूनच चालतात.

"घरूनच असतं काम," मी म्हणालो.

"बंद पडली व्हय?" ताप उतरला का, अशा सुरात.

"जवळजवळ."

"हिशेब दिला? फंड, थकलेला पगार?"

"नाही."

"आमचाबी नाय दिला." मग त्यांनी खिशातले फुटाणे माझ्या हातावर ओतले आणि आम्ही दोघं बराच वेळ न बोलता खात बसलो. अख्ख्या सहलीतला हाच काय तो विश्रांतीचा काळ.

रविवारी सकाळी सुनंदाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, मी त्यांना सांगितलंय, तू औषधांच्या कंपनीत मॅनेजर आहेस. तू नुसती मान हलव, बाकी मी बोलते."

"औषधांच्या कंपनीत?"

"त्यांचेच कागद लिहायचास ना? मग! हेही मोडलं तर अश्वी पुन्हा उभी राहायची नाही, सांगून ठेवते."

दारात अश्विनी नवी साडी सावरत उभी होती. मी मान हलवून पाहिली. जमत होती.

बदलापूर स्टेशनवरून बारवीच्या रस्त्याला रिक्षा ठरवून घ्या, परतीचीही आधीच बोला, तिकडे मिळत नाही. टॉवर संपले की भातकापणी झालेली शेतं लागतात, त्यात वाल पेरलेला असतो, मागे जंगल. घर नीटनेटकं, ओटीवर सतरंज्या. मुलाकडचे पुरुष एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मधोमध बसले होते तात्या, मुलाच्या आजोबांचे भाऊ. सुपारी फुटणार की नाही, ते त्यांच्या हातात. ओळखी सुरू झाल्या : नाव, गाव, नोकरी. पाळी माझ्यापर्यंत आली. सुनंदा म्हणाली, "मॅनेजर आहे. औषधांच्या कंपनीत." मी मान हलवली.

तात्यांचा चेहरा उजळला. ते उठले, आत गेले आणि गोळ्यांचं खोकं घेऊन थेट माझ्यासमोर बसले. "बरा भेटलास, मामा. ही गोळी घ्यातली का त्वांड सुकतं रं. रातभर पानी पानी. बंद करू का?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती, अश्विनी सतरंजीकडे. आता नुसती मान हलवायची तर ती उभी हलवायची का आडवी, याने म्हाताऱ्याची गोळी ठरणार होती.

"तात्या," मी म्हणालो, "मी मॅनेजर नाही. या खोक्यात कागद असतो ना, तसले कागद मी मराठीत लिहायचो. आता तेही काम नाही. मी घरी असतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा."

सुनंदाने डोळे मिटले. तात्यांनी खोक्यातून कागद काढला, उलगडला, उलगडतच गेले. "ह्यो? मुंगीवानी अक्षर! वाच जरा."

वाचलं. "सदर औषधाच्या सेवनाने मुखशुष्कता उद्भवू शकते."

"म्हंजे काय?"

"तोंड सुकतं."

"मंग तसं लिवाया काय झालं हुतं तुमाला?" सगळी ओटी हसली. मीही हसलो. वाक्य माझं नव्हतं, पण माझीही तसलीच हजार असतील.

तात्या मात्र हसले नाहीत. "म्हंजे मामा मोकळाच हाय?"

"हो."

"मांडवाच्या आदी आठ दिस येशील ऱ्हायाला? आमचे नोकरीवाले समदे हळदीच्या राती उगवत्यात, जेवत्यात आनि सकाळी पळत्यात. पोरीला बाप नाय. मामा तरी पुरा पायजे."

"येईन."

"मंग आना सुपारी." उठताना त्यांनी कागद माझ्या खिशात कोंबला. "आनि ह्ये मोठ्या अक्षरात लिवून धाड. मला वाचता येतं, पन मानसाचं."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पोटभर झालं. परतताना रिक्षात सुनंदा एवढंच म्हणाली, "एक दिवस खोटं बोलला असतास, तर काय बिघडलं असतं?" मग काही वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. अश्विनी पुढे रिक्षावाल्याला रस्ता सांगत होती. तो तिथलाच होता, त्याला रस्ता माहीत होता.

नाशिकला पोचलो. खर्च फार नाही, दमणूक भरपूर. जिन्यात शेजारच्यांनी गाठलं, "काय, ऑफिसच्या कामाने गेला होतात?" मी "हो" म्हणालो. एका दिवशी एवढं खरं पुरे असतं.

फिरून काय उरलं म्हणाल, तर प्रश्न कुठेच संपला नाही. फक्त आठ दिवसांपुरतं एक काम लागलं आहे, विनापगारी. सोमवारी सकाळी चहा झाल्यावर टेबलावर मोठा कागद पसरला आणि जाड पेन घेतलं. पहिलंच वाक्य तीनदा खोडलं. मग लिहिलं : "तात्या, या गोळीने तोंड सुकतं. घाबरू नका. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा." बाकीचं दुपारपर्यंत उतरवून काढलं, सहा पानं झाली. खाली सही केली नाही, तसल्या कागदांवर नसतेच. पोस्ट बंद व्हायच्या आत जाऊन पाकीट टाकून आलो.