तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या वहिनीचं नाव मी ठेवलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं त्यात नवं नाव लिहायचं. दादाला ऐनवेळी काही सुचेना, तेव्हा सातवीतल्या मी आगाऊपणा करून शाळेतल्या माझ्या आवडत्या बाईंचं नाव सांगितलं. दादानं तेच गिरवलं. दिवसभर मी मान ताठ करून मांडवात हिंडत होते.

वहिनी नागपूरची. तिचे वडील विमानतळावर नोकरीला होते, आणि तिथेच ती विमान चालवायला शिकली होती. हौस म्हणून नव्हे. पक्कं लायसन्स होतं तिच्याकडे. निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत तिनं किती तास उडवलं ते तारीखवार लिहिलेलं होतं. तिच्याबरोबर शिकलेल्या मुलांना विमान कंपनीची बोलावणी एकेक करून आली. तिला मात्र ‘कळवू’. बाईच्या हाती विमान आहे म्हटल्यावर माणसं बसतील का त्यात, असं एका साहेबानं तिला तोंडावर विचारलं होतं. दोन वर्षं वाट पाहून वडिलांनी तिचं लग्न केलं, तेही एक अट घालून. बोलावणं आलं तर सुनेला पाठवायचं. माझ्या बाबांनी लगेच हो म्हटलं. बोलावणं कसलं येतंय, अशी त्यांची खात्री असावी.

पंचाहत्तर-शहात्तरचा तो काळ. आमच्या आसगावात तिला सगळे ‘विमानवाली’ म्हणत. बैलबंडी तरी हाकता येते का तिला, असं दादाला पारावर विचारत. ती हसायची आणि कामाला लागायची. धान उपणताना मात्र सगळे गुपचूप तिच्याकडे बघत, कारण वारा कधी पडेल, कुठून फिरेल हे ती आधी सांगायची आणि तसंच व्हायचं. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारं विमान आलं की ती हातातलं काम न थांबवता नुसती वर बघायची. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. धानाच्या रोवण्याचे दिवस, घरातली सगळी शेतावर, बांधीत चिखलात. मी भात रांधायला घरी. पोस्टमन दारात आला. नेहमीचा रजेवर होता, हा बदलीवर आलेला. हातात एक लांब, खाकी, रजिस्टर पाकीट, वर सगळं इंग्रजीत. ते त्याला नीट वाचता येईना, आणि मला तर इंग्रजी वाचून दाखवायची खाजच होती. मी नाव मोठ्यानं वाचलं. मुक्काम आसगाव, तालुका पवनी, हेही वाचलं.

“ह्या नावाची कोनी राह्यते का वो बाई तुमच्या घरी?” त्यानं विचारलं.

“नाही जी. ह्या आडनावाचं घरच नाही आपल्या गावात,” मी ठसक्यात सांगितलं. त्यानं आणखी दोन-चार दारी विचारलं असेल. पाकीट परत गेलं.

ते वहिनीचं माहेरचं नाव होतं. लायसन्स त्या नावाचं, म्हणून कंपनीची पत्रंही त्याच नावानं. लग्नानंतर तिनं फक्त नवा पत्ता कळवला होता. नेहमीच्या पोस्टमनला तिनं सांगूनही ठेवलं होतं. मला मात्र ती नुसती वहिनी. दीड वर्षात ते नाव आमच्या घरात कोणी एकदाही उच्चारलं नव्हतं. पण ही सबब झाली. लग्नपत्रिकेवर ते ठळक छापलेलं होतं आणि पत्रिका घरोघरी मीच वाटल्या होत्या.

दिवाळीनंतर तिनं कंपनीला विचारणा केली, या वेळी दादाच्या नावानं उत्तर मागून. उत्तर आलं. मुलाखतीचं पत्र पाठवलं होतं, अशी व्यक्ती गावात नाही म्हणून परत आलं, जागा भरल्या. तिनं ते खळ्यावर उभ्यानं सगळ्यांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, आलं असतं तर पाठवलं असतं आम्ही. तोवर तिला दिवस गेले होते, आणि उडत राहिलं नाही तर लायसन्सही राहत नाही. मी सुपामागे तोंड लपवून बसले होते. त्या दिवशी सांगायला हवं होतं मी. मी भित्री निघाले. मग रोज उद्यावर ढकलत गेले.

दहा वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी तेव्हा भंडाऱ्याला शाळेत शिकवत होते. मांडवात सासरच्यांनी तांदळाचं ताट आणलं, नवऱ्यानं अंगठी काढली. वहिनी पुढे आली आणि तिनं ताटावर हात आडवा धरला. चारचौघांत ती कधी बोलायची नाही, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

“हिचं नाव बदलवू नका,” ती म्हणाली. “उद्या हिच्या नावानं पत्र आलं, तं ते हिलेच भेटलं पाहिजे.”

सासरचे गोंधळले, पण सुनेची नोकरी त्याच नावावर आहे हे बघून कबूल झाले. मी मुंडावळ्यांआडून वहिनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं. पोस्टात विचारून तिनं ते तेव्हाच काढलं असणार. पत्र कोणी परत पाठवलं हे दहा वर्षं तिला ठाऊक होतं, आणि त्या दहा वर्षांत तिनं माझी वेणी घातली, माझ्या परीक्षेच्या वेळी माझ्या वाटचं काम केलं, मी शिकावं म्हणून बाबांशी भांडली. मी मांडवातच रडायला लागले. बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडते पोरगी.

माझी पत्रं अजून माझ्या नावानं येतात. वहिनीच्या त्या नावानं मात्र पुन्हा एकही आलं नाही.