ताओबाईंची रिकामी ओळ

ताओबाई कुणालाही स्वतःच्या हातचं काही लिहून देत नसत. रिचमंडच्या त्या मॉलमध्ये, तळमजल्यावर, सोयामिल्कच्या स्टॉलशेजारी त्यांचं ठरलेलं टेबल होतं. तिथे बसून त्यांनी आम्हा चिनी माणसांची शेकडो इंग्रजी पत्रं दुरुस्त केली. घरमालकाला, शाळेला, विमा कंपनीला. पण सगळी पेन्सिलीनं, जुन्या पावत्यांच्या पाठीवर. आपण ते आपल्या अक्षरात उतरवून घ्यायचं, की लगेच बाई पावतीचे तुकडे करत, कागदी कपात टाकत आणि वर उरलेला चहा ओतत. फॉर्मवर शेवटी एक ओळ असते, "लिहायला कोणी मदत केली असल्यास त्याचं नाव आणि पत्ता." ती ओळ त्या कायम रिकामी ठेवायला लावत.

बसायच्याही भिंतीला पाठ लावून, दोन्ही दारं दिसतील अशा. मॉलचा साधा पहारेकरी जरी बाजूनं गेला तरी बोलता बोलता गप्प होत. "बाईंच्या मागे गुप्तहेर लागलेत," असं आम्ही मागे बोलून हसायचो. मीसुद्धा हसले आहे. आज त्याची लाज वाटते.

चुकीची कबुली लिहायची असली की बाईंसारखं माणूस नाही. आमच्या लोकांना चूक झाली की मोठ्यात मोठा शब्द शोधायची खोड. शाळेपासूनच पश्चात्तापपत्रं लिहायला लावतात. गृहपाठ विसरलात तरी वर्गाचा, गुरुजींचा, आईबापांचा विश्वासघात केला असं लिहायचं. जितकं जड लिहाल तितके लवकर सुटाल. एकदा ट्रक चालवणारे म्हातारे पांगकाका पत्र घेऊन आले. शेजाऱ्याच्या फाटकाला त्यांचा धक्का लागला होता. त्यांनी लिहिलं होतं 'फेटल मिस्टेक'.

"कोण मेलं?" बाईंनी विचारलं.

"मेलं कुणी नाही हो. कुंडी फुटली."

"मग फेटल कशाला? कुंडीला खांदा द्यायचाय का?" बाईंनी शब्द खोडला. "काका, इंग्रजीत प्रत्येक चुकीची आपली सोबत ठरलेली असते. माणूस दगावला तर फेटल. दुसऱ्याचं खरंच नुकसान झालं तर सिरियस. चुकीच्या माणसाशी लग्न केलं तर बिग. तुमची चूक स्मॉल आहे, आणि कुंडी भरून द्या. आपल्याकडे जड लिहिलं की माफी मिळते. इथे उलटं. इथले लोक लिहिलेलं खरं मानतात."

मी यानपिंग. डंपलिंगच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि दोन वर्षं दर रविवारी बाईंकडे इंग्रजी शिकत होते. माझं वर्क परमिट त्या कारखान्याच्या नावावर होतं. नोकरी गेली तर परमिट लटकणार, आणि माझ्या पगारावर तिकडे आईचं डायलिसिस चालू होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी मशीनवर लेबलचा चुकीचा रोल चढवला. आत कोळंबीचं सारण, वर डुकराच्या मांसाचं लेबल. कोळंबीचं नाव कुठेच नाही. दुपारी माझ्या ध्यानात आलं. धावत मॅनेजर हाओसाहेबांकडे गेले. ते घड्याळ बघून म्हणाले, "चारशे खोकी भरून झालीत. एवढीशी तर कोळंबी. जाऊ दे." मी जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी एक सात वर्षांची मुलगी हॉस्पिटलात गेली. तिला कोळंबीची ॲलर्जी होती; ते डंपलिंग खाऊन तिचा घसा सुजला होता, श्वास अडकला होता. तिला ऑक्सिजनवर ठेवल्याचं कळलं तेव्हा मी कारखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले. मुलीचं नावही मला माहीत नव्हतं. घास तोंडाशी नेला की तिचा घसा आठवायचा आणि मी ताट सरकवायचे.

अन्न तपासणीच्या इन्स्पेक्टर बाई येऊन जबाबाचा फॉर्म देऊन गेल्या. त्या जाताच हाओसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी गोड. "पोरी, घाबरू नकोस. मी मजकूर टाईप करून ठेवलाय, तो फक्त तुझ्या अक्षरात उतरव आणि सही कर. मनापासून माफी मागितलीस की सगळे विसरतात. मालकांना मी सांभाळतो, तुझं परमिटही सांभाळतो. कुणी विचारलं तर म्हणायचं, मीच लिहिलं." ते माझ्या गावाकडचे. माझा त्यांच्यावर विश्वास होता असं नाही. पण मला कुणाच्या तरी पदराआड लपायचं होतं. मी आधी साध्या कागदावर उतरवलं. फॉर्म उद्या सकाळी सही करून देते म्हणाले आणि तो कागद, टाईप केलेला मूळ मजकूर आणि कोरा फॉर्म घेऊन बाईंकडे गेले.

"स्पेलिंग तेवढी बघा," मी म्हटलं.

"तू लिहिलंस?"

"मीच."

बाई वाचू लागल्या. पहिल्या दोन ओळींवरून बोट सरकलं. तिसरीवर थांबलं आणि तिथेच राहिलं. तिथे लिहिलं होतं 'ग्रॉस नेग्लिजन्स'.

"हे कुणी दिलं तुला?"

"मी... डिक्शनरीत..."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी!" बाई कधी आवाज चढवत नसत. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "दोन वर्षं झाली. तुला येणारा एकेक शब्द मला माहीत आहे. गेल्या रविवारपर्यंत तू 'हेवी मिस्टेक' म्हणत होतीस. हे दोन शब्द एकत्र फिरतात ते कोर्टात आणि वकिलाकडे. अक्षम्य हलगर्जीपणा. कुठली कामगार बाई स्वतःबद्दल असं लिहील? ह्यावर सही केलीस की कारखाना सुटला. सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर. कोण आहे तो?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. रोल, चारशे खोकी, जाऊ दे. हाओसाहेबांचा टाईप केलेला कागदही काढून पुढे ठेवला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दारांकडे बघत होत्या, आधी एका, मग दुसऱ्या. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"मी अकरा वर्षांची होते," त्या हळू बोलल्या. "माझे वडील शाळेत मास्तर. त्यांनी वर्तमानपत्रात खारे मासे बांधले. त्या पानावर देशाच्या सर्वोच्च नेत्याचा फोटो होता, आणि त्यात मासे बांधणं हा तेव्हा गुन्हा होता. पक्षाचे लोक मला म्हणाले, वडिलांविरुद्ध तक्रार तू लिही. मजकूर त्यांनीच दिला, मी छान अक्षरात उतरवला. मग सगळ्या शाळेसमोर उभं करून वाचायला लावला. त्यात एक शब्द होता, 'जाणूनबुजून'. तो वाचला तेव्हा वडिलांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला सगळे शब्द त्यांनीच शिकवले होते गं. हा त्यांनी शिकवलेला नव्हता."

"मग?"

"वडील नऊ वर्षांनी तुरुंगातून परत आले. तो शब्द आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. वारले तेव्हाही नाही."

 बाईंनी हाओसाहेबांचा मजकूर उलटा करून ठेवला आणि कोरा फॉर्म पुढे ओढला.

"लिही. तुला येतात तेवढ्याच शब्दांत. तुझी चूक सिरियस आहे, ती लपवायची नाही. त्या पोरीचा श्वास अडकलाय. मग दुपारी तू कुणाला सांगितलंस, तो काय म्हणाला, किती वाजता, ते. त्याला शिवी नाही, स्वतःला शिवी नाही."

मी लिहीत गेले. मी गंभीर चूक केली. मी चुकीचा रोल लावला. मला कळलं तेव्हा मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे. मी ऐकलं, ही माझी दुसरी चूक. प्रत्येक वाक्यागणिक परमिट हातातून सुटतंय असं वाटत होतं. आई, डायलिसिस, परतीचं विमान, सगळं डोळ्यांपुढे आलं. अर्धं पान लिहायला तास गेला. खाली सही केली आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबले.

"ही रिकामीच ठेवू ना, बाई?"

 बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं. दुसऱ्या हातानं स्वतःचंच मनगट घट्ट धरलं. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. दोन वर्षांत मी त्यांचं अक्षर शाईत पहिल्यांदाच पाहत होते. छान अक्षर होतं.

मुलगी सहाव्या दिवशी हॉस्पिटलातून घरी गेली. मला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. हाओसाहेबांनी इन्स्पेक्टर बाईंना सांगितलं, की मॉलमध्ये बसणाऱ्या एका म्हातारीनं पोरीला पढवून खोटं लिहून घेतलं. मग दहा दिवस बाई टेबलावर आल्या नाहीत. मी फोन केला की उचलायच्या, श्वास ऐकू यायचा, आणि ठेवून द्यायच्या. मला झोप लागत नव्हती. माझ्या पायी ह्या बाईला पुन्हा कुणीतरी स्टेजवर उभं करणार, ही एकच भीती.

अकराव्या दिवशी त्या आल्या, कारण इन्स्पेक्टर बाईंनी तिथे भेटायला बोलावलं होतं. मीही होते. इन्स्पेक्टर बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी फॉर्मसोबत दिलेला हाओसाहेबांचा टाईप केलेला मजकूर, आणि माझा. ताओबाई आज दारांकडे पाठ करून बसल्या होत्या. हात टेबलाखाली, मांडीवर घट्ट धरलेले. ते मला दिसत होते, इन्स्पेक्टर बाईंना नाही.

"ह्यातले शब्द तुम्ही हिला दिलेत का?" इन्स्पेक्टर बाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं.

 ताओबाईंनी मान वर केली.

"हो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण त्या दिवशी नाही. दोन वर्षांत, दर रविवारी. वाटेल तो शब्द विचारून बघा, तिला येतो. मी शिकवलाय." मग टाईप केलेला कागद त्यांनी एका बोटानं पुढे सरकवला. "आणि हे तिला विचारा. हे मी शिकवलेलं नाही."

इन्स्पेक्टर बाईंनी मला विचारलं, 'ग्रॉस नेग्लिजन्स' म्हणजे काय. मी खरं तेच सांगितलं, की मला नीट माहीत नाही. त्यांनी तो कागद घडी करून फाइलच्या मागे घातला, आणि माझा पुढे.